ताण न दिलेली बाग

नागपूर

नागपूरला मी गेलो तो कबड्डीच्या पोरांना घेऊन. आमच्या शिरोळकडच्या संघाने त्या साली जिल्ह्यात सगळ्यांना लोळवलं होतं. राज्याच्या सामन्यांना जाताना सोबत एखादा धाक असलेला माणूस हवा, असं मंडळींनी ठरवलं आणि मला पुढे केलं. फौजेतून आलेला माणूस कडक असणार हा आमच्या गावाचा समज आहे. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी करतो, डाव्या पायाने थोडा लंगडतो आणि पोरं मला अजिबात भीत नाहीत. पण गाव आपणहून नागपूर दाखवत असेल, तर त्याचा समज आपण कशाला मोडायचा?

पोरं पहिल्याच सामन्यात हरली, आणि परतीची रिझर्व्हेशनं होती चार दिवसांनंतरची. पोरांनी लगेच सीताबर्डीच्या आसपासची थेटरं हेरून ठेवली. मला माझं वेगळं काम होतं, आणि खरं म्हणजे त्या कामासाठीच मी संघाबरोबर यायला हो म्हटलं होतं.

माझ्या पलटणीत गुणवंता नावाचा एक पोरगा होता. तो नरखेडच्या बाजूचा, पण आम्ही सगळे त्याला नागपूरवालाच म्हणायचो. एकाहत्तरच्या लढाईत तो गेला. तेव्हा त्याला मिसरूड नीट फुटलेलं नव्हतं. त्याला मी शब्द दिला होता की एकदा त्याच्या बागेत येऊन झाडावरचं संत्रं तोडून खाईन. शब्द दिला तेव्हा ती झाडं लहान होती, आणि आम्ही दोघं सरहद्दीवरच्या वाळूत खंदक खणत होतो. पुढे माझं दवाखान्यात बरंच राहणं झालं, मग घर, नोकरी, आणि शिरोळहून नागपूर म्हणजे महाराष्ट्राचं एक टोक ते दुसरं टोक. लढाईला सहा वर्षं होत आली तेव्हा हा योग आला.

निघण्याआधी दुपारी एका सावजी खानावळीत जेवलो. "तिखट चालन ना जी?" असं वाढप्याने विचारलं, तेव्हा मी हसलो. आम्ही तांबडा रस्सा पिऊन वाढलेली माणसं, आम्हाला हा काय विचारतो? त्या काळपट रश्श्याचा पहिला घास बरा गेला. दुसऱ्याला कानातून धूर निघाला. तिसऱ्या घासाला वाढप्या न विचारता दह्याची वाटी ठेवून गेला आणि जाता जाता म्हणाला, "कोल्हापूरचे साऱ्ये असंच म्हणतात." आमचं तिखट तोंडात कळतं. नागपूरचं आधी गप्प बसतं आणि मग सगळा हिशेब एकदम चुकता करतं.

काटोलच्या पुढे

एसटीत माझ्या शेजारी खांद्यावर टॉवेल टाकलेले एक काकाजी बसले होते. बागा विकत घेऊन माल बाजारात पाठवायचा त्यांचा धंदा. काटोल सुटलं तशा दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागल्या. मी मोठ्या हौसेने खिडकीला नाक लावून बसलो आणि बघतो तर काय, झाडं मलूल. पानं मुडपलेली, पिवळट, आळ्यांमधल्या मातीला भेगा. एक बाग गेली, दुसरी गेली, सगळीकडे तीच कळा. आमच्याकडे कृष्णेच्या काठाला ऊस असा सुकला तर शेतकऱ्याच्या घरात चूल पेटायची नाही.

"अहो, एवढ्या सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारी एकदम जळल्या का काय?" मी विचारलं.

"तुमी कोनीकडचे जी?"

"शिरोळचा. कोल्हापूरच्या पलीकडे."

"मंग बराबर हाये," काकाजी हसले. "ताणावर हायेत झाडं. पानी तोडलं हाये साऱ्याईनं. महिनाभर अशीच तहानेली राहतीन. मंग पानी सोडलं का आठ-पंधरा दिवसांत सारी बाग फुलानं पांढरी."

हे मी आधी ऐकलं होतं, अगदी असंच. खंदकात बसून गुणवंता आम्हाला संत्र्याचं पुराण सांगायचा आणि आम्ही त्याची टर उडवायचो. तहानलेलं झाड मरतं, ते कधी फुलतं का? तर हा पठ्ठ्या मलाच शिकवायचा, "तुमच्या उसाले काय अक्कल हाये जी? पानी देलं का वाढला. संत्र्याले समजते. पानी तुटलं का त्याले वाटते, आता आपलं काई खरं नाई. म्हणून ते सारा जीव फुलात घालते." सगळी पलटण त्याला थापाड्या समजायची. आता त्याच्याच मुलखात एसटीच्या खिडकीतून मला ते दिसत होतं, आणि हे त्याला सांगायला तो नव्हता, याचं फार वाईट वाटलं.

फौजेत तो आपणहून आला होता. घरात कोणी फौजी नव्हता, कोणी जा म्हटलेलं नव्हतं. वरुडकडून कलमं आणून बांधाकडच्या शेतात त्याने स्वतः बाग लावली, दोन उन्हाळे जगवली, आणि एक दिवस झाडांचं औषध आणतो म्हणून काटोलला जायला निघाला तो थेट कामठीला भरतीच्या मैदानावर जाऊन उभा राहिला. त्याचा हिशेब सरळ होता. बाग पाच-सहा वर्षं काही देत नाही, तोवर तो पगार धाडणार. झाडं फळाला येतील तेव्हा त्याच्या नोकरीची पहिली मुदत संपत येईल, मग घरी यायचं आणि पुन्हा कुठे जायचं नाही. हा हिशेब त्याने आम्हाला इतक्यांदा सांगितला होता की आमच्या सेक्शनमध्ये कोणी लांबचं काही बोललं की आम्ही म्हणायचो, "गुणवंताला संत्री लागली की बघू."

बेलखेडी

काकाजींनी मला गुणवंताच्या गावाच्या, बेलखेडीच्या, फाट्यावर उतरवलं. तिथून गावात जायला गाडीवाट होती. थोडं चालल्यावर डाव्या हाताला एक बाग लागली आणि मी थांबलोच. वाटेत पाहिलेल्या सगळ्या बागा पिवळ्या पडलेल्या, आणि ही मात्र गर्द हिरवी, काळपट हिरवी म्हणा ना, पानापानाला तकाकी. आळ्यांत पाणी. बांधाशी एक रांजण ठेवलेला, आणि त्याच्याजवळ नऊवारीतली एक बारकी, ताठ म्हातारी बसलेली.

"पानी पेऊन जा बापू," तिने मला हाक मारली.

मला तहान नव्हती. पण तिने पेला भरून समोर धरला. मी अर्धा पिऊन परत करायला गेलो तर ती म्हणाली, "सारं पे." मी संपवेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली. मग मी गुणवंताचं घर कुठे म्हणून विचारलं.

"कोनता गुणवंता?"

"फौजेतला. मी त्याच्या पलटणीत होतो."

तिने पेला रांजणावर पालथा घातला. माझ्या पायाकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं. "मी त्याची माय," ती म्हणाली आणि वाट दाखवायला पुढे चालू लागली.

घरी गुणवंताचा थोरला भाऊ होता, रामभाऊ. चेहरा गुणवंताचाच, फक्त त्यातली खोडी काढून घेतलेली. रामभाऊंनी मला घट्ट मिठी मारली, खाट टाकली, चहा झाला, पुन्हा पाणी आलं. भिंतीवर गुणवंताचा युनिफॉर्ममधला फोटो होता. फोटोसाठी त्याने छाती इतकी फुगवली होती की मला हसू आलं, आणि मी हसलो ते बघून रामभाऊंनाही हसू आलं. बरं चाललं होतं. तेवढ्यात मला एसटीत शिकलेली विद्या दाखवायची हुक्की आली.

"तुमची बाग बाकी झकास हिरवी आहे, रामभाऊ," मी म्हटलं. "अजून पाणी तोडलं नाही वाटतं?"

रामभाऊंनी बशी खाली ठेवली. त्यांची बायको सुपातलं धान्य निवडत होती, तिचे हात थांबले. म्हातारी उठली, कोपऱ्यातला पितळी गुंड उचलला आणि पाण्याला निघून गेली. पोरगी बघायला जाऊन तिच्या मोडलेल्या लग्नाचं विचारावं, तसं मी काहीतरी करून बसलो होतो. नेमकं काय, ते मला कळेना.

"चाला, शेतात जाऊन येऊ," रामभाऊ म्हणाले.

बागेत

बागेत गेल्यावर मी हौसेने फळ शोधू लागलो. या बाजूला बहार नुकताच उतरून गेला होता, तरी एखादं चुकलेलं संत्रं झाडावर असतंच. बऱ्याच झाडांवर काही नव्हतं. एका झाडाच्या शेंड्याला एक सापडलं, जाड सालीचं, लिंबाएवढं. बाकी नुसता पाला.

रामभाऊ बांधावर बसले आणि सांगू लागले. लढाईनंतरच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावचा एक फौजी रजेवर आला. तो दुसऱ्या पलटणीतला. पारावर लोकांनी त्याला घेरलं, गुणवंताचं विचारलं. त्याने आपलं ऐकीव सांगितलं की त्या कंपनीला दिवसभर पाणी मिळालं नव्हतं, पोरं पाणी पाणी करत गेली. वाईट हेतूने नव्हता बोलला तो. पण ते त्यांच्या आईच्या कानावर गेलं.

"तवापासून माय कोनाले तहानेलं पाहू शकत नाई," रामभाऊ म्हणाले. "तो रांजण तिनंच ठेवला. ते ठीक हाये जी, पुण्याचं काम हाये. पन गुणवंताची झाडं फळाले आली, पानी तोडाची येळ आली, तं माय मोटारीच्या खोलीपुढे बसली. म्हणे, माहं पोरगं तहानेलं गेलं, त्याच्या हातची झाडं मी तहानेली ठेवू? लाईन नसली, मोटार बंद असली तं गुंडानं पानी आणून घालते. तेव्हापासून दर साल असंच चालू हाये. झाड मस्त होते, फूल धरत नाई."

"तुम्ही समजावलं नाही?"

"मी समजावून राहिलो, बायको समजावून राहिली, सारं गाव समजावून थकलं. मायले कोन सांगन?" मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुमाले सांगतो. माह्यानं आता होत नाई. दोन लेकरं हायेत, अर्धं शेत या झाडाईखाली हाये. येत्या चैतात झाडं तोडून कपाशी लावतो. लाकूडवाल्याशी बोलून ठेवलं. मायले अजून सांगितलं नाई."

मी त्या झाडांकडे बघत राहिलो. गुणवंता खंदकात बसून वाळूवर काडीने ओळी काढायचा, कोणतं झाड कुठे ते दाखवायचा. विहिरीकडून तिसऱ्या ओळीतलं एक कलम दोनदा मेलं आणि तिसऱ्यांदा जगलं, तेही मला पाठ होतं. मी जाऊन ते झाड पाहिलं. आता ते माझ्याहून उंच होतं. ते चैतात कापलं जाणार होतं, आणि त्याचं कारण हे की गुणवंताच्या आईची गुणवंतावर फार माया होती. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"तुमी होते ना तिथं," रामभाऊ म्हणाले. "तुमीच सांगा मायले. कायी बी सांगा. खोटं सांगा, मले चालते."

"खोटं कशाला सांगू?" मी म्हटलं. "पण खरं सांगितलं तर त्यांना पटेल का?"

तेवढ्यात वहिनी वांगी घेऊन शेतातच आल्या. पाहुणा आला की थंडीत शेतात भरीत करायची इकडची रीत आहे, जशी आमच्याकडे पाहुण्याला गुऱ्हाळावर न्यायची. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांचा जाळ केला, त्यात वांगी भाजली, कांद्याची पात आणि हिरवी मिरची घालून लाकडी काठवटीत ठेचली, वर कच्चं तेल. ज्वारीच्या भाकरीबरोबर मी किती खाल्लं ते सांगत नाही. या मिरचीने मात्र मला सांभाळून घेतलं. खाताना माय माझ्या शेजारी बसली होती आणि माझा पेला अर्ध्यावर आला की भरत होती.

दुसऱ्या दिवशी

सकाळी सात वाजता लाईन आली. माय बागेत निघाली, तिच्या मागोमाग मीही गेलो. तिने मोटारीच्या खोलीत जाऊन खटका वर केला, पाइपातून पाणी उसळलं आणि दांडाने झाडांकडे धावलं. ती फावडं घेऊन एकेका आळ्याचं तोंड उघडू लागली. मी दुसऱ्या फावड्याने मदत करू लागलो. उसाला पाणी पाजायची मला लहानपणापासून सवय, त्यामुळे निदान तिथे तरी माझं हसं झालं नाही.

"माय," मी म्हटलं, "गुणवंता तहानलेला गेला नाही."

ती वर बघेना. "रामानं तुले बोलाले लावलं."

"लावलं. पण मी तिथं होतो."

"साऱ्ये मायले असंच सांगतात, बापू."

ते खरंच होतं. माझ्या आईने मला विचारलं असतं तर मीही असंच काहीतरी गोड सांगितलं असतं. तेव्हा मी पटवायचा नाद सोडला आणि जे झालं ते पहिल्यापासून सांगत गेलो. पाणी दांडाने वाहत होतं, ती ऐकत होती की नाही तेही कळत नव्हतं.

तो गेला त्याच्या आदल्या दिवशी पाणी नव्हतं हे खरं आहे. आमचा पाण्याचा ट्रक मागे वाळूत रुतला होता. सकाळच्या घोटावर आम्ही सगळा दिवस काढला. थंडीचे दिवस असले तरी वाळवंटातलं दुपारचं ऊन जीभ टाळूला चिकटवतं. सगळे चिडलेले, शिव्या देत होते. फक्त गुणवंताला चेव आला होता. "आता ताण बसून राहिला जी," तो ओठांवरून कोरडी जीभ फिरवत म्हणायचा. "पाहा तुमी, पानी आलं का कशी बहार फुटते आपल्याले." त्याही अवस्थेत लोक हसले.

दिवस कलला तेव्हा उंटांवरून पखाली आल्या. गुणवंता एक मग प्यायला, दुसरा प्यायला, तिसरा डोक्यावर ओतून घेतला. पोट टम्म झालं म्हणून वाजवून दाखवलं. चौथ्या मगातलं थोडं प्यायला, आणि उरलेलं घेऊन खंदकाबाहेर गेला. तिथे कसलंसं काटेरी खुरटं झुडूप होतं. त्याच्या बुडाशी त्याने ते पाणी ओतलं. आमचे हवालदार असे खवळले की काय सांगू. दिवसभर आमच्या जिभा बाहेर आल्या आणि हा गडी बोराटीला पाणी घालतोय. तर हा म्हणाला—

"काय म्हणला?" माय म्हणाली. तिचं फावडं थांबलं होतं.

"म्हणाला, 'घरची सवय हाये जी.'"

दांडाचं पाणी आळं भरून बाहेर वाहू लागलं, तरी तिने आळ्याचं तोंड बुजवलं नाही. ती बांधावर बसली. "माह्या सासऱ्याची रीत ते," ती हळू म्हणाली. "पेल्यात घोटभर ठेवाचं, झाडाले घालाचं. लहानपनी गुणवंता विसरे. मी पाठीत धपाटा देऊन शिकवलं त्याले." मग ती जराशी हसली. "हवालदारानं मारलं तं नाई ना त्याले?"

"नाही. नुसता तोंडाचा पट्टा."

"अन् सकाळी?"

सकाळचं मी घरीही नीट कोणाला सांगितलेलं नव्हतं. आम्हाला उजाडता उजाडता समोरच्या टेकाडावर जायचं होतं. निम्म्या वाटेवर मशीनगन सुरू झाली. गुणवंता माझ्या डाव्या बाजूला होता. त्याला छातीत लागलं आणि तो जागीच गेला. पाणी मागायला, आई म्हणायला, कशालाही त्याला वेळ मिळाला नाही. मला पायात लागलं आणि मी त्याच्या शेजारीच पडलो. गोळीबार इतका होता की दुपारपर्यंत आमच्याकडे कोणी येऊ शकलं नाही. माझी पाण्याची बाटली फुटली होती. त्याच्या कमरेची बाटली मात्र धड होती, संध्याकाळी त्याने ती तोंडापर्यंत भरून घेतली होती.

"ती मी काढून घेतली, माय," मी म्हटलं. "रक्त गेलं की फार तहान लागते. दुपारपर्यंत मी घोट घोट तेच पाणी पीत होतो. डॉक्टर म्हणाले, नाहीतर वाचला नसतास. तुझ्या पोराकडे पाणी उरलं होतं. ते मी प्यालो."

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, काल रांजणापाशी बघत होती तशी.

"सारं पेला?"

"सारं."

"बरं केलं तू," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून मोठ्याने रडू लागली. मीही रडलो. आजूबाजूच्या आळ्यांत पाणी भरत होतं आणि आम्ही दोघं बांधावर बसून पोटभर रडलो. सहा वर्षांत त्याच्यासाठी असं कोणाबरोबर बसून रडायला मला मिळालं नव्हतं.

मग ती उठली. पदराने तोंड पुसलं, मोटारीच्या खोलीत गेली, आणि पाइपातलं पाणी बारीक होत होत थांबलं. रामभाऊ घराकडून धावत आले.

"लाईन गेली काय वं माय?"

"नाई. मी बंद केली."

"काहून?"

"काहून म्हणजे? पूस लागला, साऱ्याईच्या बागा ताणावर गेल्या, अन् तू अजून पानी सोडून राहिला. बाप असता तं काय म्हणला असता गा तुले?"

रामभाऊंनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. गेली काही वर्षं हेच आपण सांगत आलो, असं तो माणूस म्हणू शकला असता. पण तो म्हणाला, "चुकलं वं माय." त्यांच्याइतका शहाणा माणूस मी त्या प्रवासात दुसरा पाहिला नाही.

निघताना

आणखी एक दिवस राहिलो. वहिनींनी गोळाभात केला, चण्याच्या डाळीचे गोळे भातात शिजवून वरून कडकडीत फोडणी. आमच्याकडे हा पदार्थ कोणाला माहीत नाही, आणि मी घरी जाऊन कितीही वर्णन केलं तरी बायकोने तो अजून केलेला नाही. रामभाऊंनी लाकूडवाल्याला नको म्हणून निरोप धाडला, तो माझ्यासमोरच. गुणवंताच्या बागेतलं संत्रं खायचं मात्र राहिलं. ते लिंबाएवढं एकुलतं एक फळ मी तोडू दिलं नाही. आता बहार धरल्यावर येईन, असा नवा शब्द देऊन निघालो.

फाट्यापर्यंत सोडायला माय आली. रांजणापाशी ती थांबणार हे मला ठाऊक होतं. तिने पेला भरून दिला आणि समोर उभी राहिली. मी बराचसा प्यायलो. मग मनात गुणवंता आला. त्याची आठवण म्हणून घोटभर पाणी पेल्यात ठेवलं, आणि बांधाकडच्या पहिल्या झाडाच्या बुडाशी ओतायला वाकलो. आळ्यातली वरची माती सुकायला लागली होती.

तिने माझं मनगट धरलं.

"त्याले नको घालू, बापू," माय म्हणाली. "ताणावर हाये ते."

तो घोटही मी पिऊन टाकला आणि पेला तिच्या हातात दिला.